काठावरचे गाव



आज आम्हांला बोलावयाचे आहे ते लुगड्याच्या काठाविषयी. चार बोटे रुंदीच्या पट्टीवर हा गृहस्थ तासभर काय बोलणार, अशी शंका मागच्या बाकांवरील काही पुरुष श्रोत्यांच्या मनात आली असेल. भगिनीवर्गाला ती येणार नाही. दुकानात शिरल्यावर त्या आधी काठ पाहतात, मग पदर उलगडावयास सांगतात, आणि दुकानदार तोंड उघडण्यापूर्वी माल कोठचा हे ओळखून मोकळ्या होतात. पैठणी, महेश्वरी, इरकली, चंदेरी, नारायणपेठी! आपल्याकडे लुगड्यांची नावे ही बहुधा गावांची नावे आहेत. गिरणीच्या कापडाला गिरणीचे नाव मिळते, मागावरच्या कापडाला गावाचे मिळते. हे कसे घडले असेल? केवळ तेथे विणले म्हणून, की ते गाव खरोखरीच कापडात शिरले म्हणून? शिरले असेल, तर कोणत्या वाटेने? आणि शिरलेले गाव तेथे टिकते कशाच्या बळावर? एवढ्याच प्रश्नांचा आज आपण मिळून विचार करू.

उदाहरणासाठी प्रथम महेश्वरास जाऊ. हे गाव आज मध्य प्रदेशाच्या खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे; परंतु मराठी माणसाला ते परके नाही. चौंडीसारख्या लहानशा गावी 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी, मल्हारराव 1766 साली निवर्तल्यानंतर काही काळातच राज्याचा कारभार हाती घेतला, तो याच गावाहून केला. आणि 1795 साली त्यांनी देह ठेवला तोही येथेच. राज्य म्हटले की दरबार आला, पाहुणे आले, आहेर आले. आहेराचे वस्त्र परगावाहून विकत आणण्याऐवजी ते आपल्या गावी विणले जावे म्हणून बाईंनी ठिकठिकाणचे विणकर बोलावून महेश्वरास वसविले, असे परंपरा सांगते. बाहेरून आलेल्या या माणसांच्या हातांत कसब होते, पण डोळ्यांसमोर गाव नवे होते. आणि कापडात उतरले ते हे नवे गाव.

महेश्वरच्या घाटावर उभे राहून वर पाहावे. पायऱ्यांवर पायऱ्या, त्यांवर तटाची भिंत, भिंतीवर दगडात कोरलेल्या पट्ट्या. आणि पाठीशी नर्मदेचे विस्तीर्ण पात्र. आम्ही त्या घाटावर एक सकाळ घालविली आहे. महेश्वरी काठाच्या नक्ष्यांची नावे ऐकल्यावर ती सकाळ आम्हांला पुन्हा आठवते. एक नक्षी ‘ईंट’, म्हणजे वीट. दुसरी ‘चटाई’. तिसरी ‘लहर’. चौथी ‘हीरा’. पाचवी ‘चमेली का फूल’. भिंत, पाणी, बसावयाची चटई, अंगणातले फूल: पाहा, यात देव नाहीत, राजे नाहीत, सिंह-शार्दूलही नाहीत. विणकर कामावर जाताना आणि कामावरून परतताना ज्या वस्तूंवरून त्याची नजर फिरे, त्यांचीच ही यादी आहे.

पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. परिसर कापडात जसाच्या तसा उतरत नाही. माग म्हणजे कागद नव्हे. कागदावर पेन्सिल हवी तशी वळते. मागावर धागे दोनच दिशांनी धावतात, उभे ताण्याचे आणि आडवे बाण्याचे. त्यांच्या संगतीने तिरकी रेघ काढावयाची, तर ती जिन्यासारखी पायरीपायरीने चढते, आणि गोल काढावयाचा तर त्याला कोपरे फुटतात. शिवाय महेश्वरी काठाची नक्षी बहुधा डॉबीच्या साह्याने उठविली जाते. कोणते उभे धागे कधी उचलावयाचे हे ही योजना ठरविते, आणि तिची ताकद मर्यादित असते. थोड्या उचलण्यांत नक्षी संपली पाहिजे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली पाहिजे. म्हणून नर्मदेच्या पात्रातून फक्त लाटेची नागमोड शिल्लक राहिली. चमेलीच्या पाकळ्या गेल्या, चार-सहा ठिपक्यांचे फूल राहिले. वीट मात्र वीटच राहिली, कारण ती मुळातच उभ्याआडव्या रेघांची. आणि चटईला तर मागावर येऊन घरी आल्यासारखेच वाटले असेल. ती स्वतःच एक विणकाम!

परिसरात हजार गोष्टी असतात. त्यांतली मागाला झेपेल ती विणकर निवडतो, आणि निवडलेल्या गोष्टीतले मागाला नको असेल ते टाकून देतो. ही जी निवड आणि टाकणी, तिलाच आम्ही नक्षी म्हणतो. घाटाचे छायाचित्र कापडावर छापले तर घाट दिसेल. पण ती नक्षी होणार नाही, कारण तीत कोणी काही सोडून दिलेले नाही.

महेश्वरी काठाचा आणखी एक गुण आहे. त्याचा एक प्रकार दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यास ‘बुगडी’ म्हणतात. लुगडे उलटे नेसले तरी बिघडत नाही. एक बाजू विटली की दुसरी वापरावी. आपल्या आज्या-पणज्यांना या सोयीचे मोल आमच्यापेक्षा अधिक कळत होते. पदरही तसाच साधा, रंगीत आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. ज्या राणीने स्वतः पांढरे वस्त्र नेसून राज्य केले, तिच्या गावच्या कापडाला हा संयम शोभतो.

आता कोणी म्हणेल, माग जर असा कृपण असेल, तर पैठणीच्या पदरावर मोर कसे नाचतात? शंका रास्त आहे. गोदावरीतीरीचे पैठण ही सातवाहनांची राजधानी होती, आणि आज पैठणी पैठणइतकीच, किंबहुना अधिक, नाशिक जिल्ह्यातील येवल्यास विणली जाते. तेथे पदराची पद्धत निराळी आहे. महेश्वरी काठात नक्षी मागाच्या योजनेत बांधलेली असते. पैठणीच्या पदरात ती विणकराच्या बोटांत असते. प्रत्येक रंगाची वेगळी लहान तिल्ली घेऊन तो उभे धागे मोजतो, जेथवर मोराची मान आहे तेथवरच निळा धागा नेतो, तेथे शेजारच्या जरीच्या धाग्यात तो अडकवितो आणि मागे फिरवितो. म्हणून पैठणीचा पदर पाठीमागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. तेथे सुटे लोंबते धागे नसतात. या पद्धतीत रंग वाटेल तेथे बदलता येतो, म्हणून बांगडीतले मोर, चोचीला लाल असणारी मुनिया, असावलीचा फुललेला वेल, नारळी काठ, कुयरी, हे सारे शक्य झाले. किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. साध्या पैठणीस महिना-दीड महिना, आणि भरगच्च पदराची असेल तर वर्ष किंवा त्याहूनही अधिक. एवढे करूनही मुनियेची पाठ नीट पाहा: तीही पायरीपायरीनेच उतरलेली दिसेल. धाग्यांचा कायदा पैठणीलाही चुकलेला नाही.

तिसरे उदाहरण कृष्णेपलीकडचे. ज्या लुगड्याला आपण इरकल म्हणतो ते बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावचे. त्याच्या पदरावर देवळाच्या शिखरांसारख्या आकृतींची रांग असते. परंतु परिसर उतरविण्याचे काम तेथे विणकर एकटा करीत नाही. उरलेले काम बायका सुईने करतात. धारवाड-हुबळीकडचे कशिदाकाम ‘कसूती’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात कापडावर आधी नक्षी रेखून घेत नाहीत. उभेआडवे धागे मोजून टाका घालतात. गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी असे त्याचे चार टाके. गाठ मारावयाची नाही हा नियम. आणि गवंती व मुर्गी हे टाके तर दोन्ही बाजूंनी सारखेच उमटतात. या टाक्यांनी बायकांनी काय काढले? गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती. म्हणजे घरातून बाहेर पडल्यावर जत्रेत जे दिसे ते, आणि घरात परतल्यावर अंगणात जे दिसे ते. काळ्या चंद्रकळेवर हे टाके उठतात तेव्हा वाटते, या बाईने आपली सारी पंचक्रोशी पदरात बांधून घेतली आहे.

तीन गावे, तीन तऱ्हा. आता या तिन्हींतून निघणारी एक गोष्ट सांगतो, आणि तीच आजच्या बोलण्याचा गाभा समजावी.

आज आपण महेश्वरच्या वीट-नक्षीला ‘वारसा’ म्हणतो. पण ज्या दिवशी ती प्रथम विणली गेली, त्या दिवशी ती वारसा नव्हती; ती शेजारची भिंत होती. घाटावरचे बांधकामही एका दिवसात झालेले नाही. अहिल्याबाईंची छत्री तर अर्थातच त्यांच्या पश्चातची. भिंत वाढत होती आणि विणकर तिच्याकडे पाहत होता. त्याचे पूर्वज त्या गावचे नव्हते, त्याची बोली कदाचित वेगळी असेल, पण त्याने नव्या गावाकडे डोळे भरून पाहिले आणि ते गाव आपले केले. आपल्याकडेही असेच घडले आहे. सोलापूरच्या चादरीला नाव मिळवून दिले ते तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. मालेगावच्या मागांवर बसले ते उत्तरेकडून आलेले मोमीन. गावचे कापड गावच्या मातीतून आपोआप उगवत नाही. ते, गावाकडे पाहणारा आणि गावात पोट भरू शकणारा माणूस असेल, तरच उगवते.

या वाक्यातील दुसरी अट पहिलीहून कठीण आहे. संस्थाने 1948 च्या सुमारास विलीन झाली तेव्हा महेश्वरच्या विणकरांचा दरबारी आधार गेला. गिरण्यांचे स्वस्त कापड आधीच आले होते. नऊवारी नेसणे कमी होत गेले. तट तेथेच होता, नर्मदा तेथेच होती, नक्षीही ठाऊक होती. पण पाहणारा माणूस माग सोडून उठू लागला. पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींनी ‘रेहवा’ ही संस्था काढली. नर्मदेचे नाव रेवा, त्यावरून हे नाव. नऊवारीबरोबर सहावारी, ओढण्या, वारावर विकावयाचे कापड असा माल निघू लागला, स्त्रिया मागावर बसू लागल्या आणि गावात मागांचा आवाज पुन्हा वाढला. नक्षी वाचविण्यासाठी तेथे कोणी नक्षीचे संग्रहालय उभारले नाही. माणसाला मागावर बसविले, नक्षी त्याच्या मागून आली.

आणि हे मागावरचे लोक आज कोणत्या स्थितीत आहेत? भारत सरकारने 2019-20 साली केलेल्या हातमाग-गणनेत विणकर आणि मागाची इतर कामे करणारे मिळून सुमारे 35 लाख लोक मोजले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्याच गणनेप्रमाणे सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे उत्पन्न महिन्याला पाच हजार रुपयांच्या आत होते. पाच हजारांत कुटुंब! त्या घरातल्या मुलाने बापाचा माग विकून शहरात पहारेकऱ्याची नोकरी धरली, तर त्याला कोण दोष देईल? आम्ही तरी देणार नाही.

इकडे आमच्या गावातल्या एका दुकानात परवा काय घडले ते सांगतो. दुकानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी दुकाने गावोगाव आहेत. दुकानदाराने ‘महेश्वरी’ म्हणून एक साडी आमच्यापुढे टाकली. काठावर वीट होती, लहर होती, रंगही झकास. आम्ही सहज काठ उलटून पाहिला, तर मागे पांढरे! सारी नक्षी छापील. त्याला विचारले, तो हसून म्हणाला, “साहेब, नक्षी तर तीच आहे ना?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी, खरे म्हणजे, आम्ही आज येथे उभे आहोत. नक्षी ती नाही. तिचे चित्र ते आहे. मागाला झेपेना म्हणून लाटेची नागमोड झाली होती; छपाईच्या यंत्राला काहीही झेपते, मग त्याने नागमोड का काढावी? दुसऱ्याने अडचणीतून काढलेली वाट ज्याला अडचणच नाही त्याने गिरवावी, हा नुसता वेष झाला. बरे, छापावयास आमचा विरोध नाही. छपाई ही स्वतंत्र कला आहे, तिला तिची नक्षी शोधू द्या. विरोध आहे तो नावाला. गावाचे नाव घ्यावयाचे आणि गावाला दाम द्यावयाचा नाही, ही उचलेगिरी आहे.

कायद्याने याचा काही विचार केला आहे. काही ठराविक वस्तू हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 साली झाला. स्थलवाचक नावांचे रक्षण करणारा कायदा 1999 साली संमत होऊन 2003 पासून अमलात आला, आणि त्याखाली पैठणी व महेश्वरी या दोन्ही नावांची नोंद झालेली आहे. परंतु कायदा दुकानाच्या प्रत्येक फळीपाशी उभा राहू शकत नाही. तेथे उभे राहतो आपण.

हाच विचार वारली चित्रांनाही लागू आहे. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर लग्नघरात सवासिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते; त्या चौकावाचून लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर आणून जगभर नेली, आणि त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आज त्या आकृती उशांच्या अभ्र्यांवर, पडद्यांवर, पिशव्यांवर नाचताना दिसतात. त्या नाचू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण हा नाच कोणी लिहिला, आणि त्या पाड्याला त्यातले काय पोचले, एवढे विचारल्यावाचून पिशवी विकत घेऊ नये.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. हातमागाचे कापड महाग पडते. सामान्य माणसाने करावे काय? विल्यम मॉरिस या इंग्रज कारागिरालाही हा पेच पडला होता. आपल्या बागेतील स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी पाहून त्याने 1883 साली एक सुंदर छापील कापड काढले. ते आजही प्रसिद्ध आहे. परंतु गरिबांच्या घरी सौंदर्य नांदावे म्हणून तळमळणाऱ्या या समाजवाद्याचे कापड विकत घेत ते श्रीमंत लोक. कारण चांगले काम आणि कारागिराला चांगली मजुरी यांची बेरीज स्वस्त येत नाही. या पेचातून सुटण्याची किल्ली आमच्याजवळ नाही. पण आपल्या आज्यांची एक रीत आम्हांला आठवते. त्यांच्याजवळ लुगडी दहा नव्हती, चार होती. त्यांतले एक चांगले होते, आणि ते सुनेपर्यंत पोचले. स्वस्त दहा आणि महाग एक यांचा हिशेब मांडून पाहावा, तो वाटतो तितका एकतर्फी नाही. आणि पैठणी झेपत नसेल, तर हातमागाचा पंचा, चादर, खणाचे कापड हेही मागावरच विणले जाते. मागाला पैठणीइतकेच पंचानेही जगविता येते.

तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, निरोप घेताना दोन मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली दुकानातली. काठ उलटून पाहा. पदराची पाठ पाहा. कोठे विणले, हाताने की यंत्राने, हे विचारा. दुकानदाराला उत्तर येत नसेल, तर पुढच्या वेळी येईल. कारण गिऱ्हाईक विचारू लागले की व्यापारी शिकू लागतो.

दुसरी मागणी तरुण मंडळींना, विशेषतः जे नक्षीकाम शिकत आहेत त्यांना. अजिंठ्याच्या भिंतींवर रेघांची, चौकड्यांची, हंसांच्या रांगांची वस्त्रे रंगविलेली आहेत. ती अवश्य पाहा. पैठणीचा मोर पाहा, महेश्वरची वीट पाहा. पण पाहून झाल्यावर पुस्तक मिटा आणि आपल्या गावात हिंडा. नदीवरच्या पुलाच्या कमानी, बाजारातल्या सुपांची वीण, एस. टी. स्थानकाच्या जाळीच्या भिंती, शेतातले ठिबकाचे नळ, उसाच्या सऱ्या, यांतले काय मागावर चढेल, हे एखाद्या विणकराशेजारी बसून त्याला विचारा. तो म्हणेल, हे झेपत नाही, ते टाका, एवढे राहू द्या. त्याचे ऐका. जे उरेल ती तुमच्या गावची नक्षी.

महेश्वरच्या त्या पहिल्या विणकराने याहून वेगळे काही केले नव्हते. त्याला शेजारी एक भिंत मिळाली, आणि त्याचे मोल जाणणारे एक गिऱ्हाईक मिळाले. भिंती आपल्याही गावात पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक व्हावयाचे की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.